एका शब्दाच्या किती लाईनी!

इंग्रजीच्या तासाला आपल्यापैकी अनेकांची मान खाली जाते. एकाच शब्दाचे इतके अर्थ लक्षात ठेवायचे तरी कसे? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत तर सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या एवढ्याशा शब्दाची आहे!

पण अमरावती-अकोल्याकडे हे कोडे कधीच सुटले आहे. ‘लाईन’ हाच शब्द घ्या. शकुंतला धावायची ती मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज लाईन. वीज गेली की ‘लाईन गेली’. रेशनच्या दुकानापुढे लाईन. शिपायांची घरे म्हणजे पोलीस लाईन. माझी आई शाळेत गेली नाही. पण यांतला एकही अर्थ तिला कोशात शोधावा लागत नाही. शब्द वापराने अंगवळणी पडतो, घोकंपट्टीने नव्हे. म्हणून प्राध्यापकांना नम्र विनंती, की अर्थांच्या याद्या देण्यापेक्षा आम्हांला वाक्ये बोलायला लावावीत. कोणी हसले तर हसू द्यावे.

राहिला एक अर्थ. ‘आर्टच्या लाईनीत काय ठेवलं हाय, बापू?’ असे गावात विचारतात. आईच्या बोलीच्या आधाराने परकी भाषा आपलीशी करता आली, तर या लाईनीत पुष्कळ ठेवले आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.