आकाशातील बारा मिनिटे

बेळगावचे सांबरे आणि कोल्हापूरचे उजळाईवाडी हे दोन विमानतळ सरळ रेषेत एकमेकांपासून सुमारे 95 किलोमीटरांवर आहेत. ताशी 500 किलोमीटर वेगाच्या पंख्याच्या विमानास हे अंतर तोडण्यास बारा मिनिटे पुरतील! हा हिशेब मांडून ‘एक विमान सुरू करा, की कोल्हापूर हाकेवर आले’ असे सांगणारे उत्साही गृहस्थ आमच्या भागात आहेत. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. पण त्यांचे गणित फसवे आहे, हे स्पष्ट सांगणे प्राप्त आहे.

विमान काही शहापूरच्या पेठेतून उडत नाही. घरापासून सांबऱ्यापर्यंत अर्धा तास, उड्डाणापूर्वी किमान एक तास हजेरी, धावपट्टीवरची चाल, चढण आणि उतरण धरून अर्धा तास, सामान मिळेपर्यंत पाव तास, आणि उजळाईवाडीहून शहरात जाण्यास पुन्हा अर्धा तास. बेरीज पावणेतीन तास! राष्ट्रीय महामार्गाने हेच अंतर सुमारे 110 किलोमीटर असून, रस्ता मोकळा असल्यास मोटार दोन-अडीच तासांत पोहोचते. निपाणी-संकेश्वरच्या माणसाने तर काय करावे? अर्ध्या वाटेवरून मागे बेळगावास येऊन विमानात बसावे काय?

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जेमतेम पावणेतीन किलोमीटरांचे उड्डाण 1967 पासून चालू आहे. दोन मिनिटांत विमान उतरते. पण तेथे मध्ये समुद्र आहे! आमच्या मध्ये कोणता समुद्र आहे?

आहे तो अनास्थेचा. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग 1891 साली झाला. तरीही बेळगावच्या प्रवाशाला कोल्हापूरसाठी आजही मिरजेचा वळसा घ्यावा लागतो आणि 95 किलोमीटरांचे पावणेदोनशेहून अधिक होतात. डिसेंबर 2022 मध्ये सीमातंट्यापायी महाराष्ट्राच्या एस.टी. गाड्यांची कर्नाटकातील वाहतूक काही काळ थांबली, तेव्हा दवाखान्यास निघालेल्या रुग्णाला आणि परीक्षेस निघालेल्या विद्यार्थ्याला हे अंतर किलोमीटरांत मोजता आले नाही. विमानाच्या तिकिटाने ती अडचण सुटली असती, असे कोणी म्हणेल. पण आठवड्याच्या बाजारास निघालेल्या शेतकऱ्याने ते तिकीट कोठून काढावे?

आम्ही विमानाचे शत्रू नाही. कोल्हापूरचा विमानतळ 1939 चा, सांबऱ्याचा 1942 चा. दोहोंचा आम्हांस अभिमान आहे. बेळगावहून हैदराबाद हवाई मार्गाने सुमारे 430 किलोमीटर आहे. तेथे रात्रभराचा प्रवास वाचतो, म्हणून तेथे विमान हवेच. ‘उडान’ योजनेनेही 2016 मध्ये पाचशे किलोमीटरांच्या, तासाभराच्या प्रवासालाच माप मानून भाड्याची मर्यादा घातली होती. शंभर किलोमीटरांच्या आतील शेजाऱ्यांसाठी ते माप लागू पडत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे : बेळगाव-कोल्हापूर थेट लोहमार्ग, आणि कोणत्याही तंट्यात न थांबणारी, पहाटेपासून रात्रीपर्यंतची बससेवा. अंतर मोजावयाचे ते दारापासून दारापर्यंत, आणि गरिबाच्या पायांनी. बारा मिनिटांच्या मोहात पडून ही मागणी सोडणाऱ्यांनी एकदा मिरजेच्या फलाटावर मध्यरात्री गाडीची वाट पाहत बसून पाहावे!