दर सहा महिन्यांचा चमचा

आमच्या गोंदिया जिल्ह्यात धान पिकतो आणि भातच खाल्ला जातो. तलावामुळे आमचं बोदलकसा पाहुण्यांना ठाऊक आहे. पण इथेही गरिबाच्या पोराच्या ताटात बरेचदा भात आणि पातळ वरण एवढंच असतं. पोट भरतं, पण डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व पांढऱ्या भातात नसतं.

ते कमी पडलं की आधी मूल दिवेलागणीला चाचपडू लागतं. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसतात. तिथेही दुर्लक्ष झालं तर बुबुळ कोरडं पडून खराब होतं. मग गेलेली नजर परत येत नाही.

म्हणून १९७० पासून आपल्या देशात लहान मुलांना हे औषध पाजतात. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर १ लाख युनिट, नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. असे एकूण ९ डोस. जास्तीचं जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि काही महिने पुरतं, म्हणून सहामाही चमचा.

आता काही जाणकार विचारतात, हे अजून हवंच का? प्रश्न रास्त आहे. इंडोनेशियातल्या १९८६ च्या अभ्यासात या डोसाने बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. उत्तर प्रदेशातल्या दहा लाख मुलांच्या अभ्यासात (२०१३) मात्र फारसा फरक दिसला नाही. पण मला वाटतं, चमचा बंद करण्याआधी ताट बदललं पाहिजे. ज्या घरात अंडं, दूध, भाजी रोज येते त्या घराकडे बघून आमच्याकडच्या पोराचा निर्णय कसा करायचा?

ताट बदलणं फार महागही नाही. मुनग्याचा पाला, तरोट्याची भाजी, कोचईची पानं, पिकलेली पपई आपल्या आसपासच आहेत. भाजीला थोडं तेल मात्र हवं, नाहीतर हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही.

खरी गळती पुढेच होते. पहिला डोस लशीसोबत मिळून जातो. नंतर आईबाप कामाला बाहेरगावी जातात आणि राहिलेल्या डोसांची आठवण कुणालाच राहत नाही.

तेव्हा मंडळी, मास्तरकीच्या जुन्या सवयीने गृहपाठ देतो. घरात, शेजारी, कामवालीकडे पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याचं लसीकरणाचं कार्ड बघा. डोस राहिला असेल तर अंगणवाडीत किंवा आशाताईंना विचारा. स्वतःच्या मनाने मात्र पाजू नका, जास्त झालं तर अपाय होतो.