नाटकाला जायचं, पण आधी त्या आठ पायऱ्या

माझा एक मावसभाऊ आहे. वयानं मोठा, म्हणून आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. लहानपणी पोलिओ झाला, पाय गेले. पण कान आणि हात असे तयार की, वीस-बावीस वर्षं त्यानं हौशी नाटकांचं पार्श्वसंगीत सांभाळलं. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की महिनाभर तालमीत मुक्काम. तेव्हा कुबड्यांवर चालायचा, पोरं हात द्यायची, विंगेत एक खुर्ची ठेवायची. आता खांदे थकले, त्यामुळे व्हीलचेअर आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं नाटकाला गेलो. नाट्यगृहाचं नाव घेत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात, आणि चर्चा त्या एका इमारतीचीच होते.

दारात आठ पायऱ्या. वॉचमन भला माणूस. म्हणाला, "काय टेन्शन घ्यायलेत भाऊ, उचलून नेतो की!" चार पोरांनी खुर्चीसकट दादाला उचललं. लोक बाजूला झाले, काहींनी मोबाईल काढले. आत गेल्यावर व्हीलचेअर लावायला जागाच नाही. मधल्या वाटेत लावली तर "आडवं येतंय, काढा" म्हणाले. शेवटी पार मागं, दाराजवळ. दर दोन मिनिटाला दार उघडायचं, बाहेरचा उजेड आत. मध्यांतरात मी विचारलं, "टॉयलेटला जायचंय का?" दादा म्हणाला, "सकाळपासून पाणीच प्यालो नाही. मला माहितीय ना इथलं दार किती रुंद आहे ते."

घरी येताना रिक्षात तो एवढंच बोलला, "पुढच्या वेळी माझं तिकीट काढू नको. तू बघून ये अन् मला सांग."

ज्या माणसानं आयुष्याची वीस वर्षं रंगभूमीला दिली, त्याला आता नाटक दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतंय. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण वाचा.

आपलं शहर नाटकवेडं आहे, हे वेगळं सांगायला नको. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागानं किती कलावंत दिले ते बघा. 'जिगीषा'ची पोरं इथूनच मुंबईला गेली. संत एकनाथ रंगमंदिर आणि संत तुकाराम नाट्यगृह महापालिकेची. तापडिया नाट्यमंदिर, एमजीएमचं रुक्मिणी सभागृह आहे. वेरूळ-अजिंठा महोत्सव आहे, चित्रपट महोत्सव आहे. मग प्रश्न असा की, हे सगळं नेमकं कुणासाठी आहे?

साधा हिशोब करू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. म्हणजे लोकसंख्येच्या साधारण २.६ टक्के. तेव्हा आपल्या शहराची लोकसंख्या होती पावणेबारा लाख. तेच प्रमाण धरलं तर शहरात ३० हजारांच्या आसपास माणसं झाली. हजार खुर्च्यांचं नाट्यगृह भरलं तर त्यात २६ दिव्यांग प्रेक्षक असायला हवेत. तुम्ही शेवटचं नाटक बघितलं तेव्हा किती दिसले? आणि ही जुनी मोजणी. तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. गुडघे गेलेले आजी-आजोबा तर यात धरलेलेच नाहीत.

"अहो, पण ते येतच नाहीत, मग सोय कुणासाठी करायची?" हे उत्तर मी तीन वेगवेगळ्या आयोजकांकडून ऐकलंय. पूल नसलेल्या नदीकाठी उभं राहून "पलीकडं जाणारं कुणी दिसत नाही, मग पूल कशाला" असं म्हणण्यासारखं आहे हे.

दुसरा गैरसमज म्हणजे ही मेहरबानी आहे. मेहरबानी नाही, कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्यातलं कलम २९ खास सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे. कला सर्वांना उपलब्ध करून देणं, दिव्यांग कलावंतांना सोयी आणि प्रायोजकत्व देणं, ही सरकारची जबाबदारी. कलम ४४ सांगतं की सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर इमारतीला बांधकाम परवानगीही नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी आहे. नियम आल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम्य करायच्या. नियम आले १५ जून २०१७ ला, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात आणखी स्पष्ट केलं की सुगम्यतेचे किमान निकष नुसती 'मार्गदर्शक तत्त्वं' असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

आता खर्चाचं बोलू, कारण गाडी शेवटी तिथंच अडते.

रॅम्पचा ठरलेला उतार १ ला १२. एक पायरी १५ सेंटीमीटरची धरली तर तिच्यासाठी १ मीटर ८० सेंटीमीटर रॅम्प लागतो. आठ पायऱ्यांना साडेचौदा मीटर, मध्ये थांबायला सपाट जागा, दोन्ही बाजूला कठडा. जागा नसेल तर उभी लिफ्ट बसवता येते. बऱ्याच ठिकाणी रॅम्प असतोही, पण इतका खडा की तो सामान चढवायलाच बरा. वर शेवटाला कुलूपबंद गेट आणि किल्ली कुणाकडं, ते कुणालाच माहीत नसतं. असा रॅम्प फोटोसाठी असतो.

प्रेक्षागृहात चार-सहा खुर्च्या अशा हव्यात की काढता येतील, आणि त्या वेगवेगळ्या रांगांत हव्यात, शेजारी घरच्या माणसाची जागा धरून. एका टॉयलेटचं दार ९० सेंटीमीटर रुंद करायचं आणि आत धरायला दांडा बसवायचा. ही गवंड्याची कामं आहेत. पुढच्या दुरुस्तीच्या निविदेत चार ओळी वाढल्या की होतात. आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखायचा असतोच. तो कुणाच्या उदरनिर्वाहाच्या योजनेतून काढून रॅम्पला लावा, असं मी म्हणत नाही. इमारत दुरुस्तीच्या पैशातूनच हे व्हावं. पण "तरतूदच नाही" हे वाक्य आता चालणार नाही, एवढंच.

रंगमंचाकडे तर आपलं लक्षच जात नाही. आपण धरून चालतो की दिव्यांग माणूस आला तर तो प्रेक्षक म्हणूनच येणार. रंगपटात, विंगेत, लाइटच्या केबिनमध्ये तो कसा जाणार? सांस्कृतिक कार्य संचालनालय दिव्यांग मुलांसाठी बालनाट्य स्पर्धा घेतं, ही फार चांगली गोष्ट आहे. मुलं जीव तोडून काम करतात, आपण टाळ्या वाजवतो. पण तीच मुलं मोठी झाल्यावर कुठं जातात? त्यांना हौशी संघात कोण घेतं? स्वागत थोरात यांनी 'अपूर्व मेघदूत' हे नाटक दृष्टिहीन कलावंतांना घेऊन उभं केलं, 'स्पर्शज्ञान' हे मराठीतलं ब्रेल पाक्षिक २००८ मध्ये सुरू केलं. म्हणजे मराठीत हे होत नाही असं नाही. कुणीतरी एकटा माणूस करतो आणि बाकीचे कौतुक करून घरी जातात.

आणि सुगम्यता म्हणजे फक्त रॅम्प नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं काय? इथं तर आपल्याकडं अर्धं काम आधीच झालेलं असतं. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता परिनिरीक्षण मंडळाकडं द्यावी लागते. म्हणजे प्रत्येक नाटकाचा शब्द न् शब्द लिहून तयार असतो. एक प्रोजेक्टर, मंचाच्या वर किंवा बाजूला एक पांढरी पट्टी आणि संवाद पुढं सरकवणारा एक पोरगा. महिन्यातून एक प्रयोग तरी असा करून बघा. ऐकायला कमी येणारे ज्येष्ठ पहिल्या दिवशीच दुवा देतील.

दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी प्रयोगाआधी पंधरा मिनिटं मंचावर नेऊन नेपथ्य हातानं बघू द्यायचं. दार कुठं, पलंग कुठं, कोण कुठून येणार. परदेशात अनेक नाट्यगृहं हे नियमानं करतात. त्याला पैसा लागत नाही. आणि मधल्या शांत जागांत काय चाललंय ते कानात सांगणारा निवेदक आपल्याला नवा नाही. आकाशवाणीच्या नभोनाट्यांवर आपली एक अख्खी पिढी वाढलीय.

आता अजिंठ्याचं. जगभरातून लोक येतात, पण पायऱ्या चढता न येणाऱ्या माणसाला डोलीत बसून चौघांच्या खांद्यावरून जावं लागतं. डोंगर फोडून लिफ्ट लावा असं कुणी म्हणत नाही. हजारो वर्षांच्या वारशाला धक्का नकोच. पण आपल्याकडं उत्तर होतं. फर्दापूरजवळ जपानच्या कर्जातून अभ्यागत केंद्र बांधलं. त्यात लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ च्या प्रतिकृती उभ्या केल्या. व्हीलचेअरवरचा माणूस तिथं पद्मपाणी निवांत बघू शकला असता. काही वर्षांतच वीज-पाण्याची बिलं थकली आणि केंद्र बंद पडलं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानं २०१५ मध्ये 'अनुभव' दालन सुरू केलं, तिथं दृष्टिहीनांना शिल्पांच्या प्रतिकृती हात लावून बघता येतात. वेरूळ ज्या जिल्ह्यात आहे, तिथं असं एक दालन सोनेरी महालात किंवा विद्यापीठाच्या संग्रहालयात का असू नये? कैलासाची छोटी प्रतिकृती बोटांनी चाचपून एखाद्या मुलीला कळेल की हे मंदिर वरून खाली कोरत आणलंय.

मागणं काय, ते थोडक्यात:

१) महापालिकेनं आपल्या दोन्ही नाट्यगृहांची सुगम्यता तपासणी करावी आणि अहवाल जाहीर करावा. तपासणाऱ्यांत व्हीलचेअर वापरणारे, दृष्टिहीन आणि कर्णबधिर नागरिक असावेत. नुसते अभियंते नकोत.

२) खाजगी सभागृहांनी तिकिटाच्या पानावर आणि जाहिरातीत खरं लिहावं. पायऱ्या किती, रॅम्प आहे का, टॉयलेट कसं आहे. सोय नसेल तर "नाही" असं लिहा. निदान माणूस आधी ठरवू तरी शकेल.

३) महोत्सवांत व्हीलचेअरची जागा व्हीआयपी सोफ्यांच्या मागं नको, वाट पक्की हवी आणि उद्घाटनाच्या भाषणांना तरी सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा.

४) नाट्यसंस्थांनी यंदाच्या संघात एक तरी दिव्यांग कलावंत किंवा तंत्रज्ञ घ्यावा. दया म्हणून नाही. दादासारखा पार्श्वसंगीत देणारा तुम्हाला दुसरा मिळणार नाही म्हणून.

यातल्या बऱ्याच गोष्टी एका हंगामात होण्यासारख्या आहेत. महाराष्ट्रानं २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण विभाग मंत्रालयात आहे आणि पायऱ्या आपल्या गल्लीत.

तुम्ही पुढच्या वेळी नाटकाला, गाण्याला, व्याख्यानाला जाल तेव्हा एक काम करा. आत जाण्याआधी पायऱ्या मोजा. टॉयलेटचं दार बघा. आणि निघताना व्यवस्थापकाला एकदा विचारा, "व्हीलचेअरवरचा माणूस इथं कसा येतो?" भांडू नका, फक्त विचारा. महिन्याभरात पन्नास जणांनी विचारलं तर एक्कावन्नाव्याला उत्तर द्यायची तयारी ते करतील.

राज्य नाट्य स्पर्धा पुन्हा येईल. मी दोन तिकिटं काढणार आहे. दादा नाही म्हणेल, ते मला माहीत आहे. या वेळी त्याला हो म्हणता येईल अशी एक तरी जागा शहरात असावी, एवढीच इच्छा आहे.