जुनेराची शिवण

प्रवरेकाठच्या कोल्हार परिसरातील गोधडी, म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने एकजीव केलेले पांघरूण, कडेपासून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे शिवत नेली की आतले थर सरकत नाहीत.   कापूस न पिकणाऱ्या उत्तर जपानमध्येही निळीत रंगवलेल्या जुन्या चिंध्या ‘साशिको’ या धावदोऱ्याने जोडून ‘बोरो’ वस्त्रे घडत, ती आज संग्रहालयांत काचेआड आहेत, गोधडी मात्र (सुदैवाने म्हणावे काय?) अजून अंथरुणातच आहे. पॉलिस्टर भरलेल्या यंत्रशिवणीच्या रजईस गोधडी म्हणून विकणे हा नावाचा गैरवापरच होय, आणि म्हणूनच प्रस्तुत अंकात हातशिवणीचे टाके आकृत्यांसह दिले आहेत.