नाव जुने, जागा बरोबर

‘आजोबा, आपण आत्ता कोणत्या शहरात आहोत?’ स्मृतिभ्रंशाची शंका आली की डॉक्टर जे साधे प्रश्न विचारतात, त्यांतला हा एक. पंचाहत्तरीचे आजोबा चटकन ‘औरंगाबाद’ म्हणतात आणि शेजारी बसलेल्या मुलाचा चेहरा पडतो. या उत्तराला गुण द्यायचा की कापायचा? छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न पुढची कित्येक वर्षे पडत राहणार आहे. गुण द्यायला हवा.

शहराचे नाव अधिकृतपणे बदलले ते फेब्रुवारी २०२३ मध्ये, रेल्वे स्थानकाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये. आजोबांनी त्याआधी सत्तर वर्षे दुसरे नाव उच्चारले, लिहिले, एसटीच्या पाटीवर वाचले. इतके घट्ट बसलेले उत्तर नव्याला सहजी वाट देत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बेंटन अंडरवुड यांनी १९५७ मध्ये विस्मरणाचे जुने प्रयोग पुन्हा तपासले, तेव्हा नेमके हेच दिसले. आधी शब्दांच्या बऱ्याच याद्या पाठ केलेली माणसे नवी यादी एका दिवसात जवळपास तीन-चतुर्थांश विसरत. ज्यांची ती पहिलीच यादी असे, ते जेमतेम पाव विसरत. जुने शिकलेले नव्याच्या आड येते. एटीएमचा पिन बदलल्यावर बोटे जुन्याच आकड्यांकडे वळतात, ती याच कारणाने. यात आजार नाही आणि कोणाची राजकीय भूमिकाही नाही. या शहराला ‘खडकी’ आणि ‘फतेहनगर’ ही नावेही होती; तेव्हाच्या म्हाताऱ्यांच्या जिभा काही वेगळ्या नसणार. आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय हे पूर्ण नाव कोण घेते? सगळे ‘घाटी’च म्हणतात, रिक्षावालाही बरोबर तिथेच सोडतो.

अडचण चाचणीच्या कागदाची आहे. १९७५ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’मध्ये ३० गुणांपैकी १० केवळ वेळ आणि ठिकाण ओळखण्याचे आहेत. शाळा न पाहिलेल्या माणसाला ती मुळातच जड जाते. म्हणूनच १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगड येथील अभ्यासासाठी तिचे हिंदी रूप करताना निरक्षर ग्रामस्थ डोळ्यांसमोर ठेवून प्रश्न बदलावे लागले. मराठवाड्यातल्या आजींना इंग्रजी तारीख सांगता येणार नाही, पण पोळा होऊन किती दिवस झाले आणि एकादशी कधी आहे, हे त्या बिनचूक सांगतील. वेळेचे भान शाबूत आहे की नाही, हे त्यावरूनही कळते. ठिकाणाबाबतही तसेच. नाव जुने असले तरी जागा बरोबर असेल, तर माणूस हरवलेला नाही.

खरी काळजी वेगळ्या ठिकाणी असते. गुलमंडीवरून घरी येणारा चाळीस वर्षांच्या पायाखालचा रस्ता अचानक अनोळखी वाटणे; ‘सून कधी येणार?’ हे तासाभरात पाच वेळा विचारणे आणि आधी विचारल्याचे आठवतच नसणे. भाजीवाल्याचे पैसे मोजताना गोंधळणे. राहत्या घरात बसून लहानपणीच्या वाड्यात ‘घरी’ जायचे म्हणून हट्ट धरणे. अल्झायमरमध्ये मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो. नव्या आठवणी रुजवणे हे त्याचे काम. त्यामुळे सकाळचा चहा प्यायल्याचे आठवत नाही, पण लग्नातल्या पंगती आठवतात. गंमत अशी, की या जुन्या आठवणी ऐकूनच घरचे निर्धास्त होतात. ‘बाबांची स्मरणशक्ती अजून तल्लख आहे’, असे कौतुकाने सांगतात आणि दोन-तीन वर्षे हातची जातात.

ही वर्षे मोलाची असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख रुग्ण आहे. विसरणारा प्रत्येक जण त्यातला नसतो. बी-१२ची कमतरता, थायरॉइडची मंद गती, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसराळूपणा येतो. त्याचे कारण सापडले तर बऱ्याचदा सुधारणा होते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला तर प्रश्नच नीट कळत नाही आणि उत्तर चुकले, असा शेरा बसतो.

म्हणून तपासणीच्या अर्जावर शहराची दोन्ही नावे बरोबर धरावीत, अशी स्पष्ट सूचना प्रत्येक दवाखान्यात आणि आरोग्य केंद्रात असायला हवी. प्रश्न मराठीत, उर्दूभाषक ज्येष्ठांना उर्दूत, मोठ्याने आणि सावकाश विचारले जावेत. घरच्यांनीही वडिलांना रिक्षात ‘आता संभाजीनगर म्हणा हं’ असे पढवत नेण्यापेक्षा चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्याव्यात. गेल्या सहा महिन्यांत कधी, कुठे, काय चुकले, ते तारखेनिशी एका कागदावर लिहून न्यावे. डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग त्या कागदाचा होतो.