वीतभर पाण्याची कैफियत

हवामान बदलाविषयी गोमंतकात सभा-परिसंवादांना तोटा नाही. व्यासपीठावर तज्ज्ञ विराजमान होतात, पडद्यावर आलेख उमटतात, चहापान होते आणि श्रोते घरोघर परततात. त्या आलेखांतील एखादी तरी गोष्ट रात्री ओसरीवर बोलली जाते काय, याची चौकशी कोणी करीत नाही. घोडे पेंड खाते ते नेमके येथेच, असे आमचे मत आहे.

आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी वाढली. हे ऐकून कोणाची झोप उडत नाही. वीस सेंटिमीटर म्हणजे जेमतेम वीतभर! परंतु ज्याने खाजनात जन्म काढला, त्याला वीतभर पाण्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. आपली खाजन शेते भरतीच्या पातळीखाली वसलेली आहेत. मातीचा बांध आणि भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी मानशीची दारे, एवढ्याच बळावर पिढ्यान् पिढ्या तेथे भात पिकले. उधाणाचे खारे पाणी एकदा बांध ओलांडून आत शिरले की जमिनीतील खार सहजी जात नाही. कोणत्या साली बांध फुटला, रात्री कंदील घेऊन चिखलात कोण कोण उतरले, त्या वर्षी चुलीवर कोणाकडचे तांदूळ शिजले, ही हकीकत घरातील वडीलधाऱ्याने सांगावी. मग आलेखातील ती रेषा उंबऱ्याशी येऊन उभी राहते.

हे ज्ञान केवळ पुरुषांपाशी आहे असे नव्हे. चवथीच्या माटोळीला कोणते रानफळ पूर्वी कोठे मिळे आणि कोणत्या वर्षापासून ते बाजारातून विकत आणावे लागले, याचा हिशेब आमच्या आया-आज्यांना तोंडपाठ असतो. तो त्यांना कोणी विचारला आहे काय?

मात्र येथे एक पथ्य पाळलेच पाहिजे. प्रत्येक फुटलेला बांध हवामानाच्या माथी मारणे ही शुद्ध आत्मवंचना होय. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची देखभाल कोमुनिदादींच्या हातून कूळ संघांकडे आली आणि तीत पुष्कळ ठिकाणी हयगय झाली. मासळीच्या लोभाने मानशीची दारे भलत्या वेळी उघडी राहिली, हेही गावाला ठाऊक आहे. (ठाऊक असलेले बोलण्याची गावाला भीड वाटते, हा भाग निराळा.) साक्ष द्यायची तर आपल्या चुकांसकट द्यावी, आणि साल सांगून द्यावी. मे २०२१ चे तौक्ते वादळ, त्याच वर्षीच्या जुलैत सत्तरी-डिचोलीत शिरलेला पूर, यांच्या आठवणी अद्याप ताज्या आहेत. त्यापूर्वीच्या जाणणारी माणसे मात्र एकेक करून निघून चालली आहेत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ग्रामसभेच्या आरंभी अर्धा तास गावातील दोन वृद्धांना द्यावा, त्यांपैकी एक स्त्री असावी. ती कोंकणीत बोलली तर कोंकणीतच बोलू द्यावे. पंचायत सचिवाने ती हकीकत सालासह, बांधाच्या नावासह इतिवृत्तात उतरवून घ्यावी. आणि पावसाळ्यापूर्वीच्या बांधदुरुस्तीचा विषय निघेल तेव्हा अभियंत्याच्या अंदाजपत्रकाआधी ती वाचून दाखवावी.