पोर्ट नको, चाचणी हवी

मार्च २०२० मध्ये ‘रॉकेट लीग’च्या निर्मात्यांनी मॅक आणि लिनक्ससाठीच्या आपल्या आवृत्त्या बंद केल्या. गेम डायरेक्टएक्स ११ वर न्यायचा होता आणि विंडोजबाहेरच्या मूठभर खेळाडूंसाठी दुसरी वाट सांभाळत बसणे परवडत नव्हते. ज्यांनी लिनक्सवर खेळायचे म्हणून पैसे मोजले होते, त्यांना परतावा देऊ केला गेला. प्रकरण तिथेच मिटायचे. पण मिटले नाही, कारण त्याच लिनक्सवर त्याच गेमची विंडोज आवृत्ती प्रोटॉन या विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या थरातून चालत राहिली.

छोट्या आणि मध्यम गेम स्टुडिओंनी लिनक्ससाठी स्वतंत्र पोर्ट करण्याच्या भानगडीत पडू नये, असे या मासिकाचे मत आहे. विंडोजचाच बिल्ड नीट करावा, तो प्रोटॉनवर नियमित तपासावा आणि तिथे आढळलेला दोष हा दोष म्हणूनच नोंदवावा. मुक्त सॉफ्टवेअरवर जीव असलेल्या मंडळींना हे पचायला जड जाईल. मात्र गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव याच बाजूने बोलतो.

पोर्टचा मार्ग कोणी मनापासून चोखाळलाच नाही असे नाही. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्कॉट ड्रेकर यांनी लोकी सॉफ्टवेअर काढली, ती याच कामासाठी. विंडोजवर गाजलेल्या गेमचे हक्क घ्यायचे, ते लिनक्सवर आणायचे आणि खोक्यात घालून विकायचे. ‘सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर’, ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’, ‘क्वेक ३ अरीना’ असे एकाहून एक गेम त्यांनी आणले. काम चोख होते. पण विंडोजचे खोके दुकानात आधी लागायचे आणि लिनक्सचे बहुधा मागाहून. तोवर हौशी माणसाने एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम ठेवून गेम संपवलेलाही असायचा. जानेवारी २००२ मध्ये कंपनीला टाळे लागले. तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांची एसडीएल ही लायब्ररी मात्र टिकली आणि आज असंख्य गेमच्या पायाशी आहे.

स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान चालवणारी व्हॉल्व्हही आधी याच वाटेने गेली. विंडोज ८ आणि त्याबरोबर येणारे मायक्रोसॉफ्टचे स्टोअर पाहून कंपनीचे प्रमुख गेब नेवेल यांनी जुलै २०१२ मध्ये त्याला पीसी क्षेत्रावरचे अरिष्ट म्हटले. ऑगस्टमध्ये कंपनीने ‘लेफ्ट फोर डेड २’चे आकडे जाहीर केले : विंडोजवर सेकंदाला सुमारे २७० फ्रेम, लिनक्सवर ३१५. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम आले, नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे संगणक आले, आणि मग सगळे थंडावले. आपल्याच गेमवर स्वतःच्या अभियंत्यांनी घाम गाळून मिळवलेला वेग इतरांच्या गेममध्ये आपोआप उतरत नसतो. ‘द विचर ३’ या मशीनच्या लिनक्सवर आधारलेल्या स्टीमओएसवर येणार असल्याची जाहिरात झळकली होती, तो पोर्ट आलाच नाही. मशीन चांगले, सिस्टिम बरी, खेळायला काय आहे म्हणाल तर नन्नाचा पाढा.

दुसरी वाट शांतपणे आधीपासून चालू होती. वाइनचे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि १९९४ पासून अलेक्सांद्र ज्युलियार त्याची धुरा वाहत आहेत. विंडोजचा प्रोग्राम जे जे मागेल ते लिनक्सच्या साधनांनी पुरवायचे, एवढाच त्याचा बाणा. गेमच्या बाबतीत मोठी अडचण ग्राफिक्सची होती : डायरेक्टथ्रीडीचे ओपनजीएलमध्ये रूपांतर करताना वेग मार खायचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये ख्रोनोस या संस्थेने वल्कन हा नवा ग्राफिक्स इंटरफेस जाहीर केला. त्यात ड्रायव्हरच्या मनातले ओळखण्याचा खेळ नव्हता, हार्डवेअरचा ताबा बराचसा प्रोग्रामरच्या हाती होता. २०१७ मध्ये फिलिप रेबोले या जर्मन प्रोग्रामरने त्याचाच आधार घेऊन डायरेक्टथ्रीडी ११ चे हुकूम वल्कनमध्ये उतरवणारे डीएक्सव्हीके लिहायला घेतले. कारण साधे होते, त्याला लिनक्सवर ‘निअर : ऑटोमाटा’ खेळायचा होता. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हने त्याला या कामासाठी पैसे द्यायला सुरुवात केली आणि २१ ऑगस्ट २०१८ रोजी वाइन आणि डीएक्सव्हीके यांची मोट बांधून प्रोटॉन स्टीममध्येच घालून दिले. पहिल्या दिवशी अधिकृत यादीत अवघे २७ गेम होते.

रूपांतर म्हटले की ग्राफिक्सच डोळ्यापुढे येते, पण घोडे पेंड खात होते ते थ्रेडपाशीही. विंडोजमधला एक थ्रेड ‘वेटफॉरमल्टिपलऑब्जेक्ट्स’ या एका कॉलमध्ये ६४ गोष्टींची वाट पाहू शकतो. यातली कुठलीही एक झाली की उठव, किंवा सगळ्या झाल्या की उठव. थ्रेडला असे थांबवून ठेवणारा लिनक्सचा फ्यूटेक्स एका वेळी एकाच पत्त्याकडे डोळे लावून बसायचा. त्यामुळे वाइनला असे प्रत्येक काम वाइनसर्व्हर नावाच्या वेगळ्या प्रोसेसकडे न्यावे लागे. सेकंदाला हजारो वेळा असे हेलपाटे घातले की प्रोसेसरचा जीव त्यातच जाई. त्यावर उपाय म्हणून आधी ईसिंक आले. ते लिनक्सच्या इव्हेंटएफडी या सोयीवर बेतलेले होते आणि काही गेम फाइल डिस्क्रिप्टरची मर्यादाच संपवून टाकत. मग कोलाबोरा कंपनीच्या आंद्रे आल्मेइदा यांनी एकाच वेळी अनेक फ्यूटेक्सवर थांबणारा सिस्टिम कॉल मुख्य कर्नलमध्ये नेला, तो जानेवारी २०२२ च्या लिनक्स ५.१६ मध्ये आला. तरीही ‘सगळ्या झाल्या की उठव’सारख्या विंडोजच्या काही लकबी हुबेहूब जमत नव्हत्या. शेवटी कोडवीव्हर्स कंपनीच्या एलिझाबेथ फिगुरा यांनी एनटीसिंक हा कर्नल ड्रायव्हरच लिहिला. मार्च २०२५ च्या ६.१४ मध्ये तो वापरण्याजोगा झाला.

हे इतके तपशिलात सांगायचे कारण असे, की यातली एकही गोष्ट कुठल्या गेम स्टुडिओने केलेली नाही. फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरे एकच मानण्याची सोय ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये कर्नल ५.२ पासून आली, थेट विंडोजचे सिस्टिम कॉल करणाऱ्या प्रोग्रामला अडवून वाइनकडे वळवण्याची सोय ५.११ मध्ये आली. एएमडीच्या कार्डांसाठी शेडर चटकन बांधणारा एसीओ कंपायलर व्हॉल्व्हच्या खर्चाने लिहिला गेला आणि तो आज मेसा या खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचात सर्वांना खुला आहे. स्टुडिओने पोर्टवर खर्च केलेला रुपया त्या एका गेमपुरता राहतो. कर्नलमध्ये किंवा मेसात गेलेली दुरुस्ती मात्र वीस वर्षांपूर्वीच्या गेमलाही लागू पडते आणि अजून लिहायच्या असलेल्या गेमलाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’ आला तेव्हा याचा प्रत्यय आला. ऐन भरात गेम अडखळतो अशी महागड्या विंडोज पीसीवरही ओरड होती. त्याच दिवसांत व्हॉल्व्हचे स्टीम डेक हे लिनक्सवर चालणारे, हातात धरायचे यंत्र बाजारात आले होते. व्हॉल्व्हच्या अभियंत्यांना दिसले की गेम काही ठिकाणी हजारोंनी कमांड बफर नव्याने मागतो आणि मेमरी सांभाळणाऱ्या यंत्रणेची दमछाक होते. त्यांनी रूपांतराच्या थरातच हे बफर राखून ठेवण्याची सोय केली. शिवाय डेकचे हार्डवेअर एकच असल्याने आधीच बांधलेले शेडर स्टीमवरून धाडता येत होते. परिणामी तेव्हा ३९९ डॉलरपासून मिळणाऱ्या हातातल्या यंत्रावर हा गेम कित्येक पीसींपेक्षा सलग चालला. फ्रेम कमी होत्या, पण धक्के बसत नव्हते. निर्मात्यांच्या कोडला कोणी हातही लावला नव्हता.

लिनक्ससाठीच्या नेटिव्ह बिल्डची गोष्ट उलटी आहे. तो एकदा करून सोडून देता येत नाही. कर्नल जुन्या प्रोग्रामना दिलेला शब्द मोडत नाही हे खरे, पण त्याच्यावरच्या लायब्रऱ्यांनी तशी शपथ घेतलेली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जीलिबसी या पायाभूत लायब्ररीच्या २.३६ आवृत्तीने डीटी-हॅश हा जुना तक्ता आपल्या फाइलींतून वगळला. तेवढ्याने ईझी अँटी-चीट हे लबाडी पकडणारे सॉफ्टवेअर बंद पडले आणि काही डिस्ट्रोंना तो तक्ता परत घालावा लागला. ठरलेल्या लायब्रऱ्या सोबत देणारे स्टीम रनटाइमचे कंटेनर याच दुखण्यावरचा उपाय आहेत. उपयोगी आहेत, पण तेही समजून घ्यायला चमूत कोणीतरी लागतेच. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला तेव्हा स्विच, पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स एवढी तोंडे सांभाळायची होती. अशा आकाराच्या चमूला आणखी एक बिल्ड, त्याची चाचणी आणि त्याच्या तक्रारी कशाच्या बळावर झेपणार? गोडोसारख्या इंजिनात लिनक्सचा बिल्ड एका क्लिकवर निघतो, हा युक्तिवाद नेहमी केला जातो. निघतो खरा. पण निघालेला बिल्ड आणि दोन वर्षांनी चालणारा बिल्ड यांत फरक असतो. ज्यांच्याकडे लिनक्स रोज वापरणारा प्रोग्रामर आहे त्यांनी खुशाल करावा.

या भूमिकेवर एक आक्षेप गंभीर आहे. मुक्त सिस्टिमवरचे गेमिंग जर मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या इंटरफेसवर आणि व्हॉल्व्ह या एका खासगी कंपनीच्या पैशावर उभे असेल, तर ते मुक्त कसे? व्हॉल्व्हने उद्या हात आखडता घेतला तर? उत्तर अर्धेच देता येते. वाइन, डीएक्सव्हीके, मेसा, कर्नल हे सगळे खुल्या परवान्यांखाली आहे, त्यामुळे झालेले काम परत घेता येणार नाही. स्टीम न वापरणारेही हेरोइक किंवा लुट्रिस या खुल्या लाँचरमधून त्याचा लाभ घेतात. पण नवा डायरेक्टएक्स आला की त्यामागे धावायला पगारी माणसे लागतात, आणि ती आज प्रामुख्याने एकाच तिजोरीतून पोसली जातात. ही जोखीम आहे. नेटिव्ह पोर्टने ती कमी होत नाही, एवढेच.

आणि मग चोर पकडणारे. प्रोटॉनवर चालू न शकणाऱ्या बड्या गेमची यादी काढली तर त्यातल्या बहुतेकांचे कारण ग्राफिक्स नसते, अँटी-चीट असते. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनीही सप्टेंबर २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी दार उघडले. कडी मात्र स्टुडिओच्या हाती ठेवली. ईझी अँटी-चीट एपिकच्या मालकीचे, तरी एपिकने स्वतःच्या ‘फोर्टनाइट’ला ती कडी काढलेली नाही. ‘एपेक्स लेजेंड्स’ने काढलेली कडी ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी परत घातली. ‘जीटीए ऑनलाइन’मध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आले आणि त्या दिवसापासून डेकवाले बाहेर. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ तर वाइनवर वर्षानुवर्षे चालत होता, मे २०२४ मध्ये व्हॅनगार्ड हे कर्नलमध्ये बसणारे अँटी-चीट सक्तीचे झाले आणि तोही गेला.

स्टुडिओंचे म्हणणे सरसकट खोटे नाही. ज्या सिस्टिमचा कर्नल खेळाडू स्वतः बांधू शकतो, तिथे कर्नलवर विसंबणारी पाळत फोल ठरते. पण कर्नलमध्ये तिसऱ्याचा ड्रायव्हर घुसवणे ही किती महागडी सवय आहे, ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी झोपवले होते. ते सुरक्षेचे सॉफ्टवेअर होते, हे तर गेमचे. विंडोजवर कर्नलमध्ये बसूनही लबाडी थांबलेली नाही, हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खेळाडूला भिंतीपलीकडचे दिसू नये असे वाटत असेल तर सर्व्हरने ती माहिती त्याच्या मशीनवर पाठवूच नये. हे काम किचकट आहे, खर्चिक आहे, आणि म्हणूनच टाळले जाते. ज्या छोट्या स्टुडिओचा गेम स्पर्धात्मक नाही, चार मित्र मिळून खेळण्याचा आहे, त्याने तरी ईझी अँटी-चीट घेतले असेल तर लिनक्सची परवानगी बंद ठेवण्याचे कारण नाही.

बाजार लहान आहे, हे मान्य. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सने तीन टक्क्यांची रेषा ओलांडली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये, विंडोज १० चा आधार संपला त्याच महिन्यात. पण पोर्ट करायचा नसेल तर या तीन टक्क्यांची किंमतही फार पडत नाही. बहुतेक वेळा अडते ते क्षुल्लक ठिकाणी. गेमच्या मधले चित्रपट विंडोजच्या मीडिया फाउंडेशनवर सोडून एच.२६४ मध्ये ठेवले, तर पेटंटच्या कटकटीमुळे प्रोटॉनवर त्यांच्या जागी टीव्ही केंद्रावरच्या रंगीत पट्ट्या दिसू शकतात. व्हॉल्व्ह मागाहून ते चित्रपट स्वतः बदलून पाठवते, पण विक्रीच्या पहिल्या दिवशी ते झालेले असेलच असे नाही. व्हीपी९ वापरून डीकोडर गेमबरोबरच दिला की प्रश्न उरत नाही. गेमआधी उघडणारा स्वतंत्र लाँचर ही दुसरी डोकेदुखी. त्यातली छोटी बटणे कंट्रोलरने दाबता येत नाहीत, आणि त्याची खरी गरज जाहिरात विभागाशिवाय कोणालाच नसते.

तिसरी गोष्ट मराठीत किंवा हिंदीत गेम करू पाहणाऱ्यांसाठी. डेकच्या १२८० बाय ८०० च्या पडद्यावर अक्षराची उंची ९ पिक्सेलच्या खाली जाऊ नये, असा व्हॉल्व्हचा नियम आहे. रोमन अक्षरांना तो पुरतो. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. नऊ पिक्सेलांत ‘र्थ्यां’ बसवून पाहावे म्हणजे अंदाज येईल. नियम पाळल्याचे समाधान न मानता आकार दीडपट धरावा.

डेक भारतात अधिकृतपणे विकले जात नाही, म्हणून चाचणी अडून राहण्याचे कारण नाही. रायझन प्रोसेसरचा, त्यातच ग्राफिक्स असलेला साधा लॅपटॉप, १६ गिगाबाइट मेमरी, ताजे मेसा असलेली कुठलीही डिस्ट्रो आणि स्टीम एवढे पुरते. विंडो १२८० बाय ८०० ची ठेवावी, फ्रेम ३० ला बांधाव्यात, माउस बाजूला सारून कंट्रोलरने गेम सुरुवातीपासून खेळावा, मध्येच लॅपटॉप झोपवून पुन्हा उठवावा आणि सेव्ह फाइल जागेवर आहे का ते बघावे. दर बिल्डमागे हे करायला एका परीक्षकाची एक दुपार जाते.